सूनबाईची बारा बोअर

सौंसरकडच्या माणसाला संत्र्याबद्दल काही विचारलं तर तो आधी गप्प बसतो, झाडाच्या बुडाशी जातो, मातीत बोट खुपसतो आणि मग बोलतो. कारण संत्र्यातलं त्याला कळतं. बंदुकीबद्दल विचारलं की तो लगेच बोलतो. आमच्या घरी बंदूक घ्यायची ठरली तेव्हा हे माझ्या लक्षात आलं. बातमी सकाळच्या चहाला माझ्या तोंडातून निघाली आणि दुपारच्या आत मोहगावपासून सौंसरच्या बसस्टँडपर्यंत सगळा मुलूख तोफखान्याचा अधिकारी होऊन बसला. दूध घालणारा, खत विकणारा, दाढी करणारा, सगळे. एकानं तर आमच्या अंगणात काठीनं मातीवर बंदुकीचा नकाशा काढला. तो इतका हुबेहूब होता की आमच्या कोंबड्यांनी आठवडाभर त्या कोपऱ्यात दाणा टिपला नाही.

बातमी माझ्या तोंडातून निघाली म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. मी बांधावरून हाक मारली की पलीकडच्या शिवारातले बैल थांबतात. आमचे हे होते तेव्हा मुलाला सांगायचे, "तुही माय फोकनाड मारते, पण कोणाचं वाईट नाई करत." फोकनाड म्हणजे पोकळ बाता. यांचं म्हणणं मी कधी खोडलं नाही. खऱ्या गोष्टीला थोडं खतपाणी घातलं की ती बरी वाढते, एवढंच माझं मत आहे.

बंदूक कशाला लागली, ते मात्र खतपाण्याशिवाय सांगते.

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड संपली होती, मजूर गेले होते. मुलगा नागपूरला नोकरीला. शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. मळ्यातल्या घरात मी आणि सूनबाई. मी त्या दिवशी सौंसरला बाजाराला गेले होते. भर दुपारी मोटरसायकलवर दोघे जण आले, पाणी मागितलं. सुनेनं दिलं. एक जण पीत उभा राहिला, दुसरा फिरत फिरत विहिरीकडे गेला आणि पंपाची केबल ओढायला लागला. सून ओरडली, तसा पाणी पिणाऱ्यानं दारात पाय घातला. तिनं सगळा जोर लावून दार लोटलं, कडी घातली आणि आतल्या खोलीत जाऊन ते दारही लावून घेतलं. बाहेरून त्या दोघांनी खिडकीवर दगड मारले. फळी फुटेपर्यंत मारले, आणि हसत होते. मग केबल घेऊन निघून गेले.

मी आले तेव्हा सून कापसाच्या गाठोड्यांमागे बसलेली होती. मी हाक मारली. जिच्यानं बैल थांबतात ती हाक. तिनं कडी काढली नाही. मला माझ्याच घरात शिरायला मी कोण ते सांगावं लागलं.

तेव्हापासून रस्त्यावर मोटरसायकल वाजली की तिच्या हातातलं भांडं पडायचं. एकटी तर ती अंगणातसुद्धा जाईना. पोलिसांत लिहून दिलं, खिडकीला लोखंडी गज बसवले, कुत्रा आणला. कुत्रा इतका प्रेमळ निघाला की चोर आला असता तर त्याला केबल कुठे आहे ते दाखवून आला असता.

शनिवारी मुलगा आला आणि जेवता जेवता म्हणाला, "आई, बगीचा ठेक्यानं देऊन टाकू. तुम्ही दोघी चला नागपूरले. गॅलरी हाये मोठी."

"गॅलरीत संत्रं लावशील का रे?"

"कुंडीत लावू ना."

यावर मी गप्प बसले. माझ्या आयुष्यात मी गप्प बसल्याचा तो एकच प्रसंग आहे आणि त्याला साक्षीदार आहेत. कारण चूक मुलाची नव्हती. त्या पोरीनं रोज थरथरत दिवस काढायचे आणि मी माझ्या झाडांपायी तिला धरून ठेवायचं, हे मला पटणारं नव्हतं. पण ही झाडं आम्ही दोघांनी खांद्यावर पाणी आणून जगवलेली.

बोलली ती सून. ताटावरून हात न उचलता म्हणाली, "एक बंदूक घेऊ आई."

आता सुनेबद्दल सांगते. ती सावरगावची, माझं माहेर पांढुर्णा. मध्ये जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या दोन गावांची माणसं नदीतल्या झेंड्यासाठी एकमेकांना दगड मारतात, त्याला गोटमार म्हणतात, आणि वर्षाचे बाकीचे दिवस एकमेकांच्या पोरी करतात. मुलानं ही पोरगी पसंत केली तेव्हा माझ्या भावाची जुनी जखम पुन्हा ठणकायला लागली होती. पोरगी कॉलेजात असताना एनसीसीत होती. तिथं नेम बघून कोणी तरी तिला नागपूरच्या एका क्लबात नेलं. तिथं ती हवेत उडणाऱ्या मातीच्या चकत्या बारा बोअरनं फोडायला शिकली. लायसन लग्नाच्या आधीपासून तिच्या स्वतःच्या नावावर. स्वतःची बंदूक मात्र कधी नव्हती, क्लबातली वापरायची. लग्न झालं, संत्र्याची तोड, कपाशीची वेचणी, आणि चकत्या राहून गेल्या.

"भितीवर टांगायची बंदूक मले नको," ती म्हणाली. "जिच्यानं मी मैदानात चकत्या फोडीन तेच घरात ठेवीन. जे हातात बसली नाई ते घरात असून माही भीती नाई जाणार. अन् उन्हाळ्यात राज्याची स्पर्धा हाये. तिथं मी पुढं गेली तर इथंच राहीन. नाई गेली तर समजीन हात गेला. मंग नागपूर."

मी तिच्या ताटात आणखी एक भाकर टाकली. अशा प्रकारे माझा संत्र्याचा बगीचा एका बंदुकीच्या नळीवर येऊन बसला.

सल्लागारांमध्ये पहिला मान नाल्यापलीकडच्या फौजी काकांचा. फौजेतून रिटायर होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण अजून चहा पितात तेव्हासुद्धा सावधानमध्ये पितात.

"वहिनी, पंप ॲक्शन घ्या," ते म्हणाले. "हातानं मागं-पुढं ओढायची. तिचा खटॅक-खटॅक आवाज ऐकला का चोर चप्पल सोडून पळते. गोळीचं कामच नाई."

"मंग आवाजच घेऊ ना काकाजी," सून म्हणाली. "मोबाईलमदे भरून ठेवते."

"हसून राहिली हे! अवं, तुले पायजे ते सेमी ऑटो अडकते. ऐन टायमावर अडकली म्हंजे?"

"म्हून तर आधी पाहून घ्यायची."

सेमी ऑटोमॅटिक म्हणजे काय, ते तिनं मला चुलीपाशी समजावलं. बार उडाला की त्यातला थोडा गॅस मागं वळतो, रिकामं काडतूस फेकतो आणि पुढचं भरतो. आपण फक्त चाप ओढायचा, दर वेळी एकदा. दुनळी मैदानात राणी, पण तिचा सगळा धक्का खांद्यावर येतो. हिच्यात धक्क्यातला थोडा भाग त्या भरण्याच्या कामात जिरतो.

"म्हंजे सासूचं बोलणं थोडं नवऱ्यानं अंगावर घेतलं का सुनेले कमी लागते, तसंच ना?"

"तसंच," ती म्हणाली. "पण तसा नवरा भेटला पायजे." आणि तिनं दाराकडे बघितलं. तिथं माझा मुलगा मोबाईलमध्ये तोंड घालून उभा होता.

माझं स्वतःचं मत होतं की बंदूक आखूड आणि काळी असावी. काळी म्हणजे बघूनच ताप यावा अशी. आखूड यासाठी की आमच्या घराची दारं अरुंद. मी पदरानं सगळी दारं मोजली, माजघराचा कोपरा मोजला, आणि लांब नळीची बंदूक घेऊन स्वयंपाकघरातून ओसरीत वळायचं तर भिंत पाडावी लागेल असा हिशेब मांडला.

मुलगा म्हणाला, "चोराले थांब म्हणशील का आई, बंदूक वळेपर्यंत?"

सून मात्र हसली नाही. "मी बंदूक घेऊन घरभर फिरणारच नाई, आई. फिरणाऱ्याचंच मरण असते. आतल्या खोलीत आपण दोघी, दाराले कडी, माह्या पाठीशी भित, अन् ठाण्याले फोन. दार तोडून कोणी आत आला तरच ते बंदूक. मंग नळी लांब असो का आखूड, काय फरक पडते? मैदानात मात्र लांबच पायजे. उडती चकती आखूड नळीनं नीट नाई धरता येत."

एवढा विचार तिनं गाठोड्यांमागं बसून केला होता, हे मला तेव्हा कळलं.

दुकानात जाण्याआधी मैदानात जायचं ठरलं, कारण दुकानात बंदूक उडवून बघता येत नाही आणि क्लबातले लोक ओळखीचे. मीही निघाले. मुलगा नको म्हणत होता. मी म्हटलं, माझा बगीचा पणाला लागला आहे, मी काय घरी बसून वड्या तळू?

मैदान नागपूरच्या पलीकडे. खड्ड्यात एक यंत्र लपवलेलं. नेमबाज उभा राहून ओरडला की यंत्र एक चकती हवेत फेकतं आणि ती लांब जायच्या आत फोडायची. मी पांढुर्ण्याच्या नदीकाठी लहानाची मोठी झाले, हे इथं विसरू नये. आमच्याकडे उडती वस्तू दिसली की डोकं विचार करत नाही, गुडघे करतात. पहिली चकती सुटली आणि मी "गोटा आला वं!" अशी आरोळी ठोकून जमिनीला चिकटले. जाताना शेजारी उभ्या असलेल्या एका झुपकेदार मिशीच्या गृहस्थांनाही मनगट धरून खाली घेतलं. आरोळी अशी की म्हणे पलीकडच्या डांबरी रस्त्यावर ट्रक थांबले. चकती आमच्यापासून दूर, उलट्या दिशेनं गेली होती. सगळं मैदान हसत होतं.

आणि सून हसत होती. बंदूक खाली धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या दुपारनंतर पहिल्यांदा.

"पांढुर्ण्याचे लोक असेच खाली बसतात आई," ती म्हणाली, "म्हून तर झेंडा तुमच्या हाती येत नाई!"

सावरगावच्या पोरीचा हा टोमणा मी एरवी सात पिढ्या काढून परत केला असता. त्या दिवशी मातीत बसल्या बसल्या गोड वाटला.

मिशीवाले मोठ्या मनाचे निघाले. कपडे झटकून त्यांनी स्वतःची बंदूक सुनेपुढे केली. काय बंदूक! अक्रोडाचा दस्ता, त्यावर पानंफुलं कोरलेली, आणि जड. मी हातात तोलून बघितली. संत्रं असंच घेतात: दोन सारख्या आकाराची उचलायची, जड ते रसाचं. आमच्याकडे बैल, बाजेची दोरी, जावई, सगळं असंच तोलतात. मी तिथल्या तिथं निकाल दिला, "हेच घे. रसाची हाये."

सुनेनं त्यात स्पर्धेचं हलकं काडतूस भरलं. पहिला बार झाला. दुसऱ्याला चाप ओढला तर नुसती टिक. रिकामं काडतूस अर्धं आत, अर्धं बाहेर, जसं आळशी माणूस दारात उभा राहतो. काढलं, पुन्हा भरलं, पुन्हा तेच. मिशीवाल्यांनी खाकरून सांगितलं की या बंदुकीला तगडं काडतूस लागतं. हलक्याचा गॅस तिला पुरत नाही. रानडुकराच्या कामाची आहे, स्पर्धेच्या नाही. फौजी काकांचं म्हणणं अगदीच फोकनाड नव्हतं तर.

पण त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. बार झाला तेव्हाही चकती फुटत नव्हती. एकही नाही. सून पुन्हा पुन्हा उडवत होती. शेवटी तिथल्या एक डॉक्टरीणबाई जवळ आल्या. सुनेएवढ्याच बुटक्या, केस पांढरे, तोंडात सुपारी. त्यांनी सुनेच्या हातून बंदूक घेतली, पाठ करून त्यात काही भरलं आणि परत दिली. सून ओरडली, चकती सुटली, तिनं चाप ओढला. आवाजच झाला नाही. बाईंनी खोटं काडतूस भरलं होतं. आवाज नाही, धक्का नाही, तरी बंदुकीचं तोंड जमिनीकडे गपकन खाली गेलं आणि सुनेचे दोन्ही डोळे गच्च मिटले होते. ते मी पाहिलं, तिनंही ओळखलं.

"मी तर बंदुकीलेच भिऊन राहिली," ती हळूच म्हणाली.

"बंदुकीला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काहीतरी येऊन आपटणार आहे, याला. कधीपासून होतंय?"

याचं उत्तर सुनेऐवजी मी दिलं. खिडकीवरचे दगड सांगितले. कसलंही खतपाणी न घालता सांगितले, त्यामुळे लवकर संपलं.

बाईंनी आपली बंदूक आणली. ती बघून माझा हिरमोड झाला. राखाडी रंग, दस्ता प्लास्टिकचा, कोरीवकाम शून्य. नळाचं काम करणारा मिस्त्री विसरून गेलेला पाइप दिसतो, तशी. दस्त्याला मागून जाड रबर, आणि दस्ता आखूड केलेला, कारण बाईही आखूड. सुनेनं ती खांद्याला लावली आणि तिच्या मानेचं अवघडलेपण गेलं. डवऱ्याचं रुमणं, म्हणजे कोळपणीच्या औताचा दांडा, उंचीला जुळलं की कसं बाईच्या कमरेतलं दुखणं जातं, तसं. आधीच्या बंदुकीच्या दस्त्यापायी ती मान लांब करून बगळ्यासारखी उभी होती, हे आता दिसलं.

पहिल्या चकतीला नळी खाली गेली. दुसरीला थोडी कमी गेली. मधूनमधून बाई तिला न सांगता खोटं काडतूस भरायच्या. हलकं काडतूस ही राखाडी बंदूक बडीशेपेसारखं खात होती, आणि बाईंनी मुद्दाम एक-दोन तगडी दिली, तीही खाल्ली. कितव्या तरी चकतीला हवेत काळा धूर झाला आणि तुकडे खाली पडले. मी या वेळी खाली बसले नाही. मी वर उडाले. किती वर, ते मी सांगणार नाही, कारण कोणी विश्वास ठेवणार नाही.

त्यानंतर दर शनिवारी मुलगा सौंसरला यायच्या ऐवजी आम्हीच नागपूरला जायला लागलो. डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीखाली त्यांच्या बंदुकीवर सराव झाला. पोरीचे डोळे हळूहळू उघडे राहायला लागले. भांडी मात्र घरी अजून पडत होती.

मग दुकान. दुकानदार म्हातारा, गोरा, आवाज देवळातल्यासारखा हळू. त्यानं मला बघितलं आणि लगेच माझ्या मनातली बंदूक काढून काचेवर ठेवली: आखूड, काळी, बघूनच ताप यावा अशी.

"काकू, ही घरात असली की शेजारचे चोरपण गाव सोडतील."

मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. सुनेनं तिला हातसुद्धा लावला नाही. तिनं बाईंच्या बंदुकीची जोडीदार मागितली. तीच राखाडी. डोळे मिटून खांद्याला लावली, मग डोळे उघडले. नळीच्या टोकावरचा मणी बरोबर नजरेसमोर यायला हवा, तसा तो आला नाही. दुकानदारानं खोक्यातून पातळ पट्ट्या काढल्या, दस्ता उघडून त्या बदलल्या, एक जाड भाग काढून टाकला. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा उघडले. असं किती तरी वेळ चाललं. मी मध्येच म्हटलं, "याच्यात नक्षीवाली नाई का हो?"

"आई," सून नळीवरून नजर न काढता म्हणाली, "मले आणलं तवा नक्षी पाहून आणलं होतं का?"

"थोडी पाहिली होती," मी म्हटलं. तिनं पुन्हा डोळे मिटून उघडले, आणि हसली. मणी जागेवर आला होता.

नळीच्या तोंडात बसवायचे स्क्रूसारखे तुकडे मिळाले, ज्यानं छर्रे जवळ जवळ जातात किंवा पसरतात. स्पर्धेला एक, घराला दुसरा. एक बंदूक, दोन कामं. मी दुकानदाराशी किमतीवरून इतकी भांडले की त्यानं शेवटी बंदूक पुसायचं फडकं फुकट दिलं आणि पाणी मागवलं, स्वतःसाठी.

पांढुर्णा आता जिल्हा झाल्यानं बंदुकीच्या कागदांसाठी जुन्या जिल्ह्याच्या गावी, छिंदवाड्यापर्यंत जायचं वाचलं. घरी भिंतीत बोल्ट मारून लोखंडी कपाट बसवलं. बंदूक त्यात, काडतुसं वेगळ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या सुनेच्या कमरेला. माझ्याकडे एकही नाही. "तुम्ही कोल्ह्याले पाहून वाघ म्हणता आई," असं तिचं कारण. बरोबर आहे. पण वाघ मी पाहिलाय.

आमचं सौंसर भोपाळच्या राज्यात, म्हणून स्पर्धा भोपाळकडे झाली. मुलानं मला गाडीतच शपथ घातली की तोंड उघडायचं नाही. मी पदराचा बोळा तोंडात धरून बसले. पुढच्या स्पर्धेला जाण्यासाठी जेवढ्या चकत्या फोडायला लागणार होत्या, तेवढ्या फुटतात की नाही, हे शेवटापर्यंत कळत नव्हतं. ती एक सोडायची, दोन धरायची. ऊन असं की चकत्या यंत्रातून भाजूनच निघत होत्या. शेजारून एक मोटरसायकल गेली, सायलेन्सर फुटलेली. माझे डोळे मिटले. तिचे नाही. तिनं ओरडून चकती मागितली आणि धूर केला.

पदक मिळालं नाही. पदकवाल्या पोरी वेगळ्याच मातीच्या असतात. पण फळ्यावर तिचं नाव पुढच्या स्पर्धेला जाणाऱ्यांच्या रेघेच्या वर होतं. जेमतेम वर, नखाएवढं. मुलानं तिथंच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "जाऊ दे आई, कुंडी नको आणू आता." मी तोंडातला बोळा काढला. इतक्या वेळचा दाबलेला श्वास सुटला, तर मंडपाची कनात फडफडली.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पावसाळा गेला आणि निवडणूक लागली. निवडणूक लागली की लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा करतात. नावाजलेल्या खेळाडूंना सूट मिळते म्हणे. आमची अजून नावाजायची होती. निरोप आला. एवढं सगळं ज्या बंदुकीवर उभं केलं, तीच सौंसरच्या ठाण्यात दोरीला चिठ्ठी बांधून उभी राहणार. मुलाचा फोन आला, "निवडणूक होईस्तोवर या दोघी इकडं." मी लुगडी काढायला कपाट उघडलंही.

सून ठाण्यातून परत आली, पाय धुतले, आणि मला म्हणाली, "हे काऊन काढून राहिल्या?"

"नागपूरले नाई जायचं का? बंदूक तर जमा झाली."

"बंदूक जमा झाली आई. मी नाई झाली." आणि ती संत्र्याला आळं करायला निघून गेली, एकटी.

तरी माझ्या मनाची खात्री होईना. त्यातच पांढुर्ण्याला भाच्याचं लग्न आलं. मुलगा नागपूरहून परस्पर येणार होता, सून म्हणाली घरी विहिरीचं काम निघालंय, तुम्ही जा. मी गेले. मांडवात बसले, बायका गाणी म्हणत होत्या, आणि माझा जीव सौंसरच्या रस्त्यावर. दुपारी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. फौजी काकांना लावला, त्यांचा बंद. पंगत बसली, माझ्यापुढे पान वाढलं, ते तसंच ठेवून मी उठले. माझ्या डोळ्यांसमोर कापसाची गाठोडी. मुलाला म्हटलं, गाडी काढ. त्यानं चप्पल घातली, तेवढ्यात फोन वाजला.

"काय हाये आई? किती फोन करून राहिल्या!" आवाजात वैताग, मागं पंप चालल्याचा आवाज. "विहिरीवर होती मी. दोघं आले होते गाडीवर, मोहगावचा रस्ता विचारत. सांगितला, गेले."

"मोटरसायकलवर?"

"मंग काय हत्तीवर येतील? पाणी मागत होते. नळावर प्या म्हटलं, अन् ते गेल्यावर गाडीचा नंबर काकाजीले जाऊन सांगून आली. ठेवू का आता? पाइप निसटून राहिला."

"ठेव वं बाई," मी म्हटलं, "ठेव."

मुलानं चप्पल काढली. मी पानाकडे वळले. वरण थंड झालं होतं, आलूवांग्याच्या भाजीवर साय आली होती, आणि इतकं चवदार जेवण मी जन्मात जेवले नव्हते. वाढपी किती वेळा आला ते विचारू नका. शेवटी तो बुंदीचं पातेलंच माझ्यापाशी ठेवून दुसऱ्या पंगतीला निघून गेला, आणि शेजारी बसलेल्या नवरीकडच्या सावरगावच्या व्याह्यांना मी सांगायला लागले, की माझी सून डोळे मिटून चकत्या फोडते.